जाळं ओलं असताना

आमच्या पुलावर एकच नियम आहे आणि तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही. जाळं ओलं असताना बोलायचं नाही. जाळं पाण्याला लागलं की फक्त जाळंवाला बोलणार. बाकी सगळ्यांनी, अगदी ज्याच्या गळाला मासा लागलाय त्यानंसुद्धा, तोंडात मिठाची गुळणी धरायची. चर्चमध्ये पाद्र्याच्या तोंडावर गप्पा छाटणारी माणसं इथं मुकाट उभी राहतात.

नियम तिओ क्विंटिनोंनी केला. तिओ म्हणजे आमच्या भाषेत काका. ते माझ्या बापाबरोबर क्रॅनबेरीच्या मळ्यात राबले म्हणून माझे काका, आणि मग होता होता सगळ्या पुलाचेच काका झाले. एक्याऐंशी साली आमच्यातल्या वॉल्टर नायच्या वडिलांना एक दांडगा बास मासा लागला होता आणि सहा जण सहा दिशांना ओरडत होते. डावीकडे घे, उजवीकडे घे, उचल, थांब. त्या गोंधळात जाळ्याचं कडं तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, आपटलं, तंगूस तुटलं आणि मासा गेला. तिओंनी जाळं वर ओढून कठड्यावर ठेवलं आणि सांगितलं, यापुढं जाळं ओलं असताना ज्याला बोलायचं असेल त्यानं स्वतःचं जाळं आणावं. दुसरं जाळं कोणाकडेच नव्हतं.

आणि जाळ्याशिवाय चालत नाही. ओहोटीला आमचा पूल पाण्यापासून बावीस फूट वर असतो. चार-पाच पौंडांचा मासा तंगुसावर तसाच वर ओढता येतो. तीस पौंडांचा पट्टेरी बास तसा ओढायला गेलात तर तंगूस तुटतं, नाहीतर माशाचा जबडा फाटतो. म्हणून खाली जाळं सोडायचं. जुन्या हातगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, तिला तिओंनी स्वतः विणलेली पिशवी, वर वीस हात दोर. मासा दमला की त्याला डोक्याच्या बाजूनं जाळ्यावर आणायचं आणि जाळंवाल्यानं नेमक्या क्षणी उचलायचं. आधी उचललं तर कडं तंगुसावर बसतं, उशिरा उचललं तर मासा उलटून पळतो. तो क्षण तिओंना कळायचा. चाळीस वर्षं त्यांनी हातात रॉड धरला नाही, कारण जाळंवाल्यानं मासेमारी करायची नाही हीही त्यांचीच शिस्त. घरी नेलेल्या प्रत्येक माशाचं डोकं मात्र जाळंवाल्याचं. त्या डोक्यांचं कालवण, कच्ची केळी आणि रताळी घालून केलेलं, मी लहानपणापासून त्यांच्या चुलीपाशी खाल्लंय.

मी इल्डा फोन्टेस. चौतीस वर्षं शाळेची बस चालवतेय, आणि माझा आवाज शेवटच्या बाकावरच्या कारट्यालाही पोचतो. हे सांगायचं कारण पुढं येईल.

गेल्या हिवाळ्यानंतर तिओ बोलताना मान वळवायला लागले. तुम्ही समोर उभे राहून काही सांगताय आणि ते तोंड फिरवून खाडीकडे बघतायत. जोआकिम पीना, आमचा नळवाला, सारखा थट्टा करायचा. म्हणायचा, म्हाताऱ्याला आता आपली थोबाडं बघवत नाहीत, आणि त्यात त्याची काही चूक नाही. सगळे हसायचे. मीही हसले.

मे महिन्यात आमिषाच्या दुकानात तिओंनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, वाचून दाखव गं, चष्मा घरी राहिला. तिओंना चष्मा कधीच नव्हता. मी वाचून दाखवलं. त्याच दिवशी पुलावर त्यांनी मला थर्मासमधून कॉफी ओतून दिली, ती निम्मी कपात आणि निम्मी माझ्या बुटावर. तेव्हा मला लख्ख कळलं की मान वळवतात ती घमेंड नाही. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोरचं बघायचं तर त्यांना ते कडेनं बघावं लागत होतं. माझ्या आजीचंही शेवटी असंच झालं होतं, आणि त्यावर इलाज नसतो हेही मला ठाऊक होतं. मी बुटावरची कॉफी पुसली आणि काही बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. त्यांना सांगायचं नसेल तर मी कोण उघडणारी?

जूनमध्ये त्यांनी जोआकिमचा मासा घालवला. कडं तंगुसावर आपटलं. आठवड्यानं वॉल्टरचा. वॉल्टर शांत माणूस, टोपी काढून परत घातली आणि म्हणाला, होतं असं. पण त्यानंतर पुलावर एक नवीच पद्धत सुरू झाली. ती कोणी ठरवली नाही. मासा मोठा लागला की 'जाळं' म्हणून हाक मारायची नाही. कठड्याच्या कडेकडेनं माशाला चालवत पुलाच्या टोकाला न्यायचं, तिथं होड्या उतरवायचा उतार आहे, खाली उतरून पाण्यातच त्याला धरायचं. एकशेचाळीस पावलं. दिव्याचे खांब कठड्यातच बसवलेत, त्यामुळं प्रत्येक खांबापाशी रॉड बाहेरून वळवून पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचा, आपण खांबाला वळसा घालून जायचं आणि परत घ्यायचा. फार कटकटीचं काम. आणि वर प्रत्येकाचं कारण तयार. पाण्याची ओढच त्या बाजूची आहे तिओ. आज पाय मोकळे करायचेत तिओ.

तिओ तिसऱ्या दिव्याखाली पालथ्या बादलीवर बसलेले असायचे, मांडीवर दोर. उताराकडे जायचं तर त्यांच्यासमोरूनच जावं लागतं.

सप्टेंबरात मीही एक मासा तसाच नेला. मला सगळं माहीत असून नेला. ते म्हणाले, "खूप ओढतोय का? जा, जा." मी गेले.

त्यांची मुलगी झुल्मिरा ब्रॉकटनला, तासाभरावरच्या शहरात, राहते. डोळ्याच्या डॉक्टरकडे तिनंच नेलं होतं, हे मला नंतर कळलं. बापानं तिच्याकडे राहायला यावं म्हणून ती वसंतापासून मागं लागली होती. तिओंनी तिला एकच उत्तर दिलं होतं: पूल ज्या दिवशी हाक मारायचा थांबेल त्या दिवशी मी बॅग भरीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे डोकावले तर खाटेवर बॅग उघडी. अर्धी भरलेली. ते म्हणाले, "तीन आठवडे झाले, आता मधल्या माशालाही हाक नाही. मी मोजतोय. रविवारी झुल्मिरा गाडी घेऊन येतेय." आवाज अगदी साधा, दूध संपलंय म्हणावं तसा. त्या घरात ते सत्तर वर्षं राहिले. ब्रॉकटनला चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून त्यांना काय दिसणार होतं? त्यांना तर खिडकीही कडेनंच दिसली असती.

शनिवारी सकाळी सूर्य नुकताच वर आला होता आणि ओहोटी जोरात होती. मी जिवंत वाम आमिष म्हणून लावून पुलाच्या दुसऱ्या खांबाच्या सावलीत सोडली होती. जे लागलं ते पहिल्या धावेतच शंभर हात तंगूस घेऊन गेलं. मी बारा वर्षांची असल्यापासून या पुलावर येते, आता एकोणसाठ आहे. असा मासा माझ्या गळाला कधी लागला नव्हता. वीस मिनिटांनी तो वर आला तेव्हा पाण्यात त्याची पाठ दिसली. सगळ्यांनी आपापले गळ गुंडाळून घेतले होते, तीही आमची रीत.

जोआकिम माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "चालव, इल्डा. उताराकडे चालव."

मी चालायला लागले. पहिल्या दिव्यापाशी जोआकिमनं रॉड वळवून घेतला. दुसऱ्यापाशी वॉल्टरनं. मासा खाली मुकाट येत होता, दमलेला. तिसऱ्या दिव्याखाली तिओ बसले होते. मी जवळ आले तसे त्यांनी पाय आत घेतले. बादली मागं सरकवली. मी अडखळू नये म्हणून जमिनीवरचा दोर गोळा करून छातीशी धरला. कोणी सांगितलं नव्हतं. आमची पावलं ऐकून त्यांनी वाट करून दिली, जशी गेले चार महिने प्रत्येकाला करून दिली असणार.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर माशाचाही विसर पडला. मी त्यांच्या पुढ्यात थांबले आणि बसमधल्या आवाजात ओरडले, "जाळं!"

जोआकिम म्हणाला, "वेड लागलं का हिला?"

तिओंनी मान वर केली. "माझ्याशी बोलतेयस?"

"जाळं दुसऱ्या कोणाकडे आहे का?" मी म्हणाले.

ते उठले. दोर सोडताना त्यांचे हात पूर्वीसारखेच चालत होते, हातांना काहीच झालं नव्हतं. जाळं पाण्याला लागलं आणि पूल गप्प झाला. तिओ एकटेच बोलत होते. "डोकं वर धर. घाई नको. येऊ दे त्याला." बोलणं सगळं बरोबर. फक्त जाळं माशाच्या दोन हात उजवीकडे होतं. उन्हाची तिरीप पाण्यावर पडली होती, ते मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यानं शोधत होते, आणि मला दिसत होतं की त्यांना नुसता उजेड दिसतोय. त्यांनी दोर आवळला. आता उचलणार. उचललं की कडं तंगुसावर बसणार आणि जूनमध्ये झालं तेच होणार, फक्त या वेळी त्यांची बॅग अर्धी भरलेली होती.

आजूबाजूला चार माणसं उभी होती. सगळ्यांना दिसत होतं. कोणी हूं की चूं केलं नाही, कारण जाळं ओलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती मलाच बांधायची होती. बोलले तर सगळ्या पुलाला कळणार होतं की म्हाताऱ्याला दिसत नाही. आणि नाही बोलले तर?

"डावीकडे, तिओ," मी म्हणाले. "दोन हात."

त्यांचे हात थांबले. एक्याऐंशी सालापासून त्या पुलावर ओल्या जाळ्यावर कोणी बोललं नव्हतं. वॉल्टरनं टोपी काढली आणि ती हातातच राहिली. तिओंची पाठ माझ्याकडे होती, मानेची शीर ताठलेली. मला वाटलं, आता हा माणूस दोर सोडून घरी जाणार आणि परत माझं तोंड बघणार नाही. खाली पाणी खांबांना घासत वाहत होतं.

मग ते म्हणाले, "किती?"

"दोन हात."

त्यांनी जाळं सरकवलं. "आता?"

"अजून थोडं. बस्स. आता खाली सोडा. मी आणतेय त्याला. थांबा. थांबा. डोकं आलं. थांबा, शेपूट बाहेर आहे. उचला!"

त्यांनी उचललं. दोर ताठ झाला, जोआकिमनं मागून हात घातला, आणि दोघांनी मिळून ओढत ओढत ते कडं कठड्यावर आणलं. मासा जाळ्यात मावत नव्हता.

ओल्या गोणपाटावर वॉल्टरनं टेप लावली. शेहेचाळीस इंच. आमच्याकडे अठ्ठावीस ते एकतीस इंचांतलाच एक घरी नेता येतो, त्याहून मोठा असेल तर परत सोडायचा, त्यामुळं डोकं-बिकं कोणालाच मिळणार नव्हतं. जोआकिमनं फोटोसाठी फोन काढला तर तिओ त्याच्यावर खेकसले, आधी त्याला श्वास घेऊ दे. मी गळ काढेपर्यंत त्यांनी हात ओले केले आणि माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवले. मग परत. चेहरा दुसरीकडेच होता. "बापरे," ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा हात फिरवला.

पुलावरून मासा नुसता टाकला तर बावीस फुटांवरून आपटून मरतो. त्याला जाळ्यातूनच खाली उतरवावं लागतं. ते तिओंनी एकट्यानं केलं, कोणाला हात लावू दिला नाही. जाळं पाण्यात बुडवून ते दोर बोटांत धरून उभे राहिले. आम्ही सगळे कठड्यावरून वाकून बघत होतो, खाली गढूळ फेसाशिवाय काही दिसत नव्हतं.

"गेला," तिओ म्हणाले.

मग आम्हाला जाळ्यापलीकडे त्याची शेपटी दिसली.

बाकीचे आपापल्या जागी गेले. जरा जास्तच लगबगीनं गेले. तिओ बादलीवर बसले, मी शेजारी कठड्याला टेकून उभी.

"कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यापासून. कॉफी सांडली तेव्हापासून."

"आणि सप्टेंबरात माझ्या अंगावरून मासा नेलास."

"नेला."

"तो कितीचा होता?"

"अडतीस इंच."

त्यांनी तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. मला की माशाला, कळलं नाही. मी म्हणाले, मला लाज वाटतेय. मी म्हणाले, मला वाटलं मी गप्प राहिले तर तुमचा मान राहील. खरं तर तुम्ही निघून जाल याची मला भीती वाटत होती. मुलांवर ओरडणाऱ्या बाईला असं बोलायची सवय नसते.

"मला वाटलं, तुम्हा लोकांना कळलं तर हाक मारायची बंद कराल," तिओ म्हणाले.

"हाक तर आम्ही बंदच केली होती."

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच."

दुसऱ्या दिवशी रविवार. झुल्मिरा दहाला येणार होती. ते सातलाच पुलावर हजर, जाळ्यासकट. आठच्या सुमाराला जोआकिमला मासा लागला, बरा मोठा. त्यानं जवळ उतार असूनही घसा फोडून हाक दिली, "तिओ, जाळं!" तिओंनी जाळं सोडलं आणि सगळा पूल एकदम मदतीला धावला. जोआकिम म्हणतोय डावीकडे, वॉल्टर म्हणतोय उजवीकडे, तो दुसऱ्या बाजूनं बघत होता. कोणी म्हणतंय उचला, कोणी म्हणतंय अजून नको. वॉल्टर नाय चाळीस वर्षांत पहिल्यांदा ओरडत होता, आणि त्याला ते फार आवडलं असावं. कडं तंगुसावर आपटलं. मासा गेला.

तिओंनी जाळं वर ओढलं, कठड्यावर ठेवलं आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणून नियम केला होता, गाढवांनो," ते म्हणाले. "वॉल्टरच्या बापाचा मासा असाच गेला, मुलाच्या तोंडानं परत तेच." मग हसू पुसून म्हणाले, "एकच बोलेल. आणि जो बोलेल त्यानं रॉड धरायचा नाही. रॉड हातात असला की माणूस स्वतःच्या माशाकडे बघतो."

कोण बोलणार, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी मान वळवली आणि तोंड खाडीकडे केलं, माझ्यापासून पार दूर. म्हणजे ते माझ्याकडेच बघत होते.

मी माझ्या रॉडकडे पाहिलं. कालचा मासा मला त्यावरच लागला होता, पुढच्या वर्षी कदाचित त्याहून मोठा लागला असता. सत्तेचाळीस वर्षांची सवय एका वाक्यात सोडायची म्हणजे सोपं नाही, आणि मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग मी रीळ गुंडाळलं, रॉड वॉल्टरच्या गाडीत टाकला, आमिषाची बादली पालथी घातली आणि तिओंच्या शेजारी बसले.

"माशाच्या डोक्यातला निम्मा वाटा माझा," मी म्हणाले.

"गाल तुझे," ते म्हणाले. "डोळे माझे."

दहाला झुल्मिराची गाडी पुलाच्या टोकाला थांबली. ती थंडीत हात चोळत चालत आली, चांगली पोरगी आहे, बापाच्या काळजीनं वाळलीय. आमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पापा, घरी जाऊन आले. बॅग अर्धीच भरलीय. निघायचं ना?"

तिओंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. जाळं ओलं आहे."

जाळं कठड्यावर उन्हात पसरलेलं होतं, कधीचं वाळलेलं, दोर बादलीखाली गुंडाळलेला. झुल्मिरानं जाळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. जे दिसतं ते सांगायचं काम आता माझं होतं.

"ओलं आहे," मी म्हणाले.